रहस्यकादंबरी दुसऱ्यांदा वाचा, मग परीक्षण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हल्ली रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणे नियमाने येतात, अनुवादित कादंबऱ्यांचीही येतात, हे चांगलेच आहे. पण ती वाचून पुस्तक घ्यावे की नाही ते ठरत नाही. ‘हातातून खाली ठेववत नाही’, ‘शेवटपर्यंत उत्कंठा टिकते’, ‘शेवटचा धक्का जबरदस्त’ ही वाक्ये कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात. कधी याच्या उलट होते. कथानक सांगता सांगता परीक्षक दुसऱ्या कॉलमात थेट खुन्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. दोन्ही दोषांचे मूळ एकच: पुस्तक एकदाच वाचलेले असते. या प्रकारात लेखकाचे कसब पहिल्या वाचनात दिसायचेच नसते. दिसले तर डाव फसला. ते दिसते उत्तर कळल्यावर, पुन्हा पहिल्या पानापासून वाचताना. म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण ‘कसे वाचावे’ हे तपशिलाशिवाय सांगता येत नाही.

पहिल्या वाचनाला एक वही पुरे. पानावर पाच रकाने आखावेत. पहिल्यात पान क्रमांक, दुसऱ्यात काय दिसले किंवा ऐकले, तिसऱ्यात ते कोणी सांगितले (निवेदकाने, की एखाद्या पात्राने), चौथ्यात त्या क्षणी त्याचा काय अर्थ वाटला. पाचवा रकाना कोरा ठेवायचा, तो दुसऱ्या वाचनाचा. सगळ्यात महत्त्वाचा तिसरा, आणि बहुतेक वाचक नेमका तोच गाळतात. ‘दार आतून बंद होते’ हे निवेदकाचे वाक्य आणि ‘दार आतून बंद होते,’ असे नोकराने सांगणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले खोटे निघाले तर लेखक लबाड. दुसरे खोटे निघाले तर नोकर.

वहीच्या शेवटच्या पानावर खुनाच्या रात्रीचा तक्ता करावा. डावीकडे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी, वर एकेका पात्राचे नाव. प्रत्येक चौकटीत तो कुठे होता एवढेच न लिहिता ते कशावरून, तेही लिहावे: स्वतःच्या जबाबावरून, दुसऱ्याने पाहिले म्हणून, की तिकीट, कॅमेरा, फोन अशा वस्तूवरून. तक्ता भरला की बऱ्याच कादंबऱ्यांचे पितळ तिथेच उघडे पडते. एकच माणूस साडेनऊला दोन ठिकाणी सापडतो, किंवा वीस मिनिटांच्या चौकटीत गळा आवळणे, प्रेत हलवणे, फरशी पुसणे आणि कपडे बदलून पुन्हा पंगतीत येऊन बसणे, हे सगळे कोंबलेले असते.

तारखाही ताडून पाहाव्यात. मराठी लेखकाला पंचांग परके नाही, तरी चुका होतात. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. त्या रात्री साक्षीदाराने ‘चांदण्यात चेहरा स्पष्ट पाहिला’ असेल, तर एक तर साक्षीदार खोटारडा आहे किंवा लेखक बेसावध. लेखकाने हे मुद्दाम केले असेल तर तो उत्तम धागा आहे, आणि शेवटी गुप्तहेराने त्यावर बोट ठेवायला हवे. गणेश चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे मध्यरात्री गच्चीवर चांदणे सांडत नाही. उलट संकष्टीला चंद्र उगवायलाच साधारण नऊ वाजतात. कडक उपास करणारी बाई ‘आठ वाजता जेवून झोपले’ असे सांगते, तेव्हा मराठी वाचकाच्या कानात घंटा वाजली पाहिजे. असा अस्सल घरचा धागा हाताशी असताना आपले लेखक धुके, फायरप्लेस आणि बटलर उसने आणतात.

आता थांबायचे कुठे? गुप्तहेराने ‘सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा’ म्हटले की पुस्तक मिटावे. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोघा अमेरिकनांनी १९२९ पासून ही जागा पुस्तकातच ठरवून दिली होती: सगळे धागे तुमच्या हाती आले आहेत, आता उत्तर तुम्ही सांगा, असे आव्हान छापून. ज्या पुस्तकात ते नाही तिथे आपणच थांबायचे आणि पाच-सहा ओळींत लिहायचे: कोणी, कसे, का, कोणत्या पानांवरच्या आधाराने, आणि या उत्तरात न बसणाऱ्या गोष्टी कोणत्या. अंदाज चुकला तर बिघडत नाही, पण लिहून ठेवलेला नसला की शेवट वाचल्यावर ‘मला आधीच वाटले होते’ असे प्रत्येकाला वाटते. त्या आठवणीवर परीक्षण लिहू नये.

मग शेवट वाचावा आणि खरे काम सुरू करावे. गुप्तहेर ज्या ज्या गोष्टीवरून निष्कर्ष काढतो ती प्रत्येक आधीच्या पानांत शोधायची आणि पाचव्या रकान्यात नोंदवायची. सात आधारांपैकी सहा सापडले आणि सातवा, निर्णायक असलेला, शेवटच्या प्रकरणात मुंबईहून तार यावी तसा उपटला, तर तो वाचकाशी केलेला दगा आहे. बाकी सहा कितीही सुंदर असले तरी. धागे पुस्तकभर पसरले आहेत का, तेही पाहावे. सगळे शेवटच्या पन्नास पानांत दाटले असतील तर आधीची दोनशे पाने भरताड आहेत.

यापुढची कसोटी अधिक कठीण, आणि परीक्षणांत ती जवळजवळ कधीच दिसत नाही. खुन्याच्या जागी दुसरा संशयित बसवून पाहायचा. त्यालाही सगळे आधार तितकेच लागू पडत असतील, तर गुप्तहेराने काही सिद्ध केलेले नाही, फक्त जाहीर केले आहे. तो बरोबर ठरतो कारण खुनी आयत्या वेळी उठून कबुली देतो किंवा पिस्तूल काढतो. शेवटच्या बैठकीत खुन्याने स्वतःहून कबुली दिली की परीक्षकाने सावध व्हावे. बहुतेक वेळा त्या कबुलीखाली पुराव्याचे भगदाड झाकलेले असते.

धागा लपवणे ही खरी कारागिरी. दुसऱ्या वाचनात ती पाहताना मजा पहिल्या वाचनापेक्षा जास्त येते, निदान माझे मत तसे आहे. सर्वात जुनी युक्ती यादीची: टेबलावरच्या सात वस्तू सांगायच्या आणि कामाची वस्तू चौथी ठेवायची, कारण यादीतली पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधली निसटते. दुसरी गोंधळाची: महत्त्वाचे वाक्य संपते न संपते तोच कपबशी फुटते किंवा फोन वाजतो, वाचकाचे लक्ष तिकडे. तिसरी विनोदाची: विसरभोळ्या आत्याबाईच्या बडबडीत खरे वाक्य पेरायचे, वाचक हसतो आणि पुढे जातो. आणि सर्वात अवघड म्हणजे खून होण्याआधीच धागा देणे, कारण तोवर वाचक शोधायलाच लागलेला नसतो. परीक्षकाने लेखक यांपैकी काय करतो आणि किती वेळा करतो ते पाहावे. प्रत्येक धाग्यानंतर फोन वाजत असेल तर तिसऱ्या फोनला वाचक उलटा विचार करू लागतो.

आता लबाडीचा प्रश्न. खुन्याच्या मनात शिरून लेखकाने काय लिहिले आहे, ते प्रत्येक वाक्य दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने अधोरेखित करावे. ‘प्रेत पाहून त्याचे हात थरथरले’ हे चालेल, खुन्याचेही हात थरथरतात. ‘हे कोणी केले असेल, त्याला कळेना’ हे चालणार नाही. ते निवेदकाने वाचकाला सांगितलेले निव्वळ खोटे आहे. ‘हे कोणी केले असेल, तो म्हणाला’ मात्र चालेल. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वरून वाद झाला तो नेमका या सीमारेषेवरून. लेखिकेने काय केले ते इथे सांगत नाही, आणि न सांगताही वादाचा मुद्दा कळतो, हे संपादकांच्या लक्षात आले असेलच. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेत लवकर आलेला असावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवले आहेत असा तो नसावा. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकादंबरीकाराने एक वर्ष आधी वीस नियम लिहिले होते, त्यांत प्रेमप्रकरणालाही बंदी होती. हे नियम शिक्षकाच्या छडीसारखे वापरू नयेत, त्यांतले बरेचसे चांगल्या लेखकांनी मोडले आहेत. पण मोडताना काय मोबदला दिला, हे विचारायला ते उपयोगी पडतात.

अर्थात हा सगळा काटेकोरपणा ‘कोणी केले’ या प्रकारच्या कादंबरीसाठी. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांना या फूटपट्टीने मोजणे म्हणजे कुस्तीत बुद्धिबळाचे गुण देणे होईल. त्यांचे नायक झुंजार किंवा काळा पहाड धागे जुळवत बसण्यासाठी जन्मलेले नाहीत. तिथे वेग, संकट आणि सुटका पाहायची. सुहास शिरवळकरांच्या बाबतीत तर एकाच लेखकाला दोन-तीन मापे लागतात, कारण दारा बुलंदचे साहस वेगळे आणि वकील अमर विश्वासच्या खटल्यातला युक्तिवाद वेगळा. आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ मध्ये आणखी एक प्रकार रूढ केला: गुन्हा आधीच वाचकासमोर घडतो, प्रश्न फक्त तो उघडकीस कसा येणार एवढाच. अशा पुस्तकाचे परीक्षण ‘खुनी पहिल्याच प्रकरणात कळतो, त्यामुळे रस उरत नाही’ असे लिहिणे म्हणजे परीक्षकाने पुस्तक कोणत्या दाराने उघडते हेच पाहिलेले नाही. आधी प्रकार ठरवा, मग माप काढा.

अनुवादांबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण तिथे मराठी भाषा स्वतःच साक्षीदार होते आणि कधी कधी फितूरही होते.

इंग्रजीत ‘मी’ बाई की पुरुष हे शंभर पाने लपवता येते. मराठीत ‘मी वर गेलो’ किंवा ‘गेले’ म्हणताच गुपित फुटते. पण आपल्या व्याकरणात पळवाटाही आहेत आणि चांगला अनुवादक त्या जाणतो. ‘मी दार उघडले’, ‘मी चिठ्ठी वाचली’ यांत क्रियापद दाराकडे आणि चिठ्ठीकडे पाहते, माझ्याकडे नाही. ‘मला दिसले’, ‘माझ्या लक्षात आले’, ‘मी जाईन’, ‘मी तिथे रोज जात असे’ यांतूनही काही कळत नाही. ‘मी जाणार होतो’ म्हटले की संपले. तिसऱ्या व्यक्तीसाठी तर आपल्याकडे नपुंसकलिंग आहे: ‘कोणीतरी जिन्यावरून उतरले’ या वाक्यात जे लपते ते हिंदीत लपवणे अवघड. धोका वेगळाच असतो. ज्या एका पात्राचे लिंग लपवायचे त्याच्याच तोंडी ‘मला दिसले, मला वाटले’ अशी वाक्ये रांगेने आली की तरबेज वाचक तिथेच बोट ठेवतो. मग अनुवादकाने तशीच वाक्यरचना आणखी दोन-तीन निरुपद्रवी पात्रांना द्यावी लागते. असे केले आहे का, हे तपासणारे परीक्षण वाचायला मिळाले तर ते कापून ठेवावे.

नात्यांचेही तसेच. ‘अंकल’चा काका करायचा की मामा, ‘कझिन’ चुलत की मावस, आते की मामे, हे मृत्युपत्र वाचल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि मृत्युपत्र बहुधा विसाव्या प्रकरणात असते. अनुवादकाने पहिल्या पानावर काका लिहिले आणि पुढे तो आईचा भाऊ निघाला, तर वाचक त्या विसंगतीलाच धागा समजतो आणि भलत्याच माणसाच्या मागे लागतो. म्हणून रहस्यकादंबरीचा अनुवाद पूर्ण पुस्तक वाचल्याशिवाय सुरू करू नये. प्रकरणे दोघातिघांत वाटून तर मुळीच करू नये. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हाही निर्णयच आहे. चारचौघांत एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणणारे दोघे घाईत एकदा ‘तू’ वर आले, तर त्यांची जुनी ओळख उघडी पडते. मूळ इंग्रजीत तो धागा नसताना अनुवादकाच्या निष्काळजीपणाने तो निर्माण होतो. मराठीत स्वतंत्र लिहिणाऱ्याला मात्र ही आयती खाण आहे, आणि ती फारशी खणली गेलेली नाही.

तळटिपांची एक गंमत. परदेशी खाद्यपदार्थ, कायदा किंवा शब्दखेळ समजावायला अनुवादक तारांकन करतो. पुस्तकभर एकही तळटीप नसताना १४२ व्या पानावर एका औषधाच्या नावावर तारांकन आले, तर लेखकाने महिनाभर खपून लपवलेली गोष्ट अनुवादकाने दिव्याखाली ठेवली असे समजा. एक तर माहिती वीस-तीस पाने आधी सहज वाक्यात मिसळावी, नाहीतर पाच-सहा निरर्थक शब्दांनाही तळटिपा द्याव्यात.

भारतात घडणाऱ्या कादंबऱ्यांत तपासाचे तपशील तपासणे परीक्षकाला अवघड नाही, तरी ते सोडून दिले जाते. १ जुलै २०२४ पासून खुनाचे कलम भारतीय न्याय संहितेचे १०३ झाले. पोलीस बोलताना अजून ‘तीनशे दोन’ म्हणत असतील, तसे संवादात लिहिणे चालेल. पण २०२५ मध्ये झालेल्या खुनाच्या एफआयआरवर ३०२ छापणे चालणार नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे जुन्या कायद्यात होते आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. आरोपीने दाखवून दिल्यामुळे हत्यार सापडले, तर तेवढा भाग मात्र वापरता येतो. म्हणजे कोठडीत कबुली मिळाली आणि ‘केस क्लोज’ असे संपणारी कादंबरी कायद्याच्या दृष्टीने अर्ध्यावरच संपलेली असते. नार्को चाचणीचेही तेच: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर ती संमतीशिवाय करता येत नाही, आणि केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा होत नाही. खासगी गुप्तहेराला आपल्याकडे तपासाचा कसलाच अधिकार नाही. त्याला शवविच्छेदनाचा अहवाल कोणी आणि कसा दाखवला, याचे उत्तर पुस्तकात हवे.

वैद्यकीय चुका ठरलेल्या आहेत. डॉक्टर प्रेताकडे पाहून ‘नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान’ असे सांगतो. प्रत्यक्षात इतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. शरीर ताठरण्याचा काळ हवामानावर अवलंबून असतो. भारतीय पाठ्यपुस्तकांत ताठरपणा हिवाळ्यात साधारण २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास टिकतो असे दिलेले आहे. लंडनच्या थंडीतले आकडे उचलून मे महिन्यातल्या जळगावला लावले की तक्ता कोसळतो. विषाचे नाव घटनास्थळी वासावरून ठरत नाही. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य बातम्यांत उगाच येत नसते, व्हिसेरा म्हणजे मृतदेहातून काढलेले अवयवांचे भाग, ते मिठाच्या संपृक्त द्रावणात बरण्यांतून प्रयोगशाळेत जातात आणि अहवालाला वेळ लागतो. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळत नाही, काही मिनिटे लागतात आणि तोवर तो हातपाय झाडतो. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून फारसा उपयोग नाही, कारण चक्री आणि नळी यांच्यातल्या फटीतून आवाज आणि वायू बाहेर पडतात. मोबाइलच्या टॉवरवरून माणूस कोणत्या खोलीत होता ते कळत नाही, फक्त परिसर कळतो, आणि खेड्यात तो परिसर काही किलोमीटरचा असू शकतो. यांतली एखादी चूक वातावरणापुरती असेल तर सोडून द्यावी. उत्तरच तिच्यावर उभे असेल तर सोडू नये.

राहिला प्रश्न न फोडता लिहिण्याचा. कथानक पहिल्या पाव भागापलीकडे सांगू नये. २४० पानांच्या पुस्तकात साठाव्या पानावर थांबावे. ‘शेवटी मोठी कलाटणी आहे’ हेही सांगू नये, कारण मग वाचक समोर दिसणारे उत्तर आपोआप बाद करतो. ‘या पुस्तकाने अमुक गाजलेल्या कादंबरीची आठवण होते’ हे तर सर्वात घातक, ती कादंबरी वाचलेल्याला एका वाक्यात सगळे कळते. चार ओळींत येऊन जाणाऱ्या माळ्याच्या व्यक्तिचित्रणाचे विशेष कौतुक करू नये, वाचक विचार करतो की माळ्याचे एवढे का. गुणदोष सांगायला उत्तर सांगावे लागत नाही: ‘निर्णायक आधारांपैकी एक शेवटच्या प्रकरणाआधी कुठेही नाही’, ‘हेच पुरावे आणखी एका संशयितालाही लागू पडतात’, ‘मृत्यूच्या वेळेचे गणित उन्हाळ्याला धरून नाही’. अशा तीन वाक्यांनी वाचकाला निर्णय घेता येतो आणि लेखकाला, पटले नाही तर, उत्तर देता येते.

शेवटाची सविस्तर चर्चा हवी असेल तर ती त्याच अंकात न छापता दीड-दोन महिन्यांनी वेगळी छापावी. पुस्तकाचे नाव आणि ‘ज्यांनी वाचले आहे त्यांच्यासाठी’ ही सूचना मथळ्यातच असावी, मजकुराच्या तिसऱ्या परिच्छेदात नको. चौकटीत किंवा ठळक टायपात खुन्याचे नाव येणार नाही, एवढे मांडणी करणाऱ्याला आधी सांगून ठेवावे. डोळा चौकटीकडे आधी जातो.

आपला,
रहस्यकथांचा एक वाचक